विजेच्या गाडीची देवघेव

मुंबई, ठाणें व आसपासच्या गांवीं असें घर क्वचितच सांपडेल कीं, ज्यांतील एखादें तरी माणूस सकाळीं डबा घेऊन लोकल गाडी गांठण्यास निघत नाहीं. परंतु जिचा परिचय नित्याचा, तिच्याविषयींची जिज्ञासा मंदावते, हाच मनुष्यस्वभाव आहे. परवां दादर स्टेशनावर उभे असतां माझ्या दहा वर्षांच्या नातवानें विचारिलें, "आजोबा, धांवतांना गाडी वीज घेते, मग थांबतांना तिचा तो जोर जातो कोठें?" सारा जन्म मुलांस शिकविण्यांत गेला, तरी मला क्षणभर उत्तर सुचेना. पुढें शोध घेतां जें कळलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं, तेव्हांच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून हार्बर मार्गानें कुर्ल्यास गेली. उद्घाटन मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनीं केलें. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली या मार्गावरहि अशी गाडी सुरू झाली. वाफेच्या इंजिनास कोळसा आणि पाणी यांचें ओझें आपल्याबरोबर वाहावें लागे; शिवाय शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडण्यांत वेळ मोडे. विजेच्या गाडीस वेगळें इंजिनच नको. तिच्या मोटारी कांहीं डब्यांखालीं वांटून बसविलेल्या असतात व दोन्ही टोकांस चालकाची खोली असते. त्यामुळें आलेली गाडी लागलीच उलट निघूं शकते आणि थोड्याच अंतरांत वेग घेऊं शकते. जवळजवळ स्टेशनें असलेल्या शहरास हेंच हवें होतें.

ही वीज गाडीस मिळते ती वरच्या तारेंतून. टपावरील घडीचा पोलादी सांगाडा, ज्यास पँटोग्राफ म्हणतात, तो या तारेस खालून घांसत जातो. मोटारींतून गेलेला प्रवाह चाकांवाटे रुळांत उतरून उपकेंद्राकडे परततो, व असें वर्तुळ पुरें होतें. ही तार रुळांच्या बरोबर मध्यावर सरळ नसून किंचित् नागमोडी ओढलेली असते. कारण सरळ असती, तर पँटोग्राफवरील पट्टी एकाच ठिकाणीं झिजून तिला खांच पडली असती. कांहीं खांबांस जड वजनें टांगलेलीं दिसतात, तीं उन्हानें लांबणारी व थंडीनें आखडणारी तार सारखी ताणलेली ठेवण्यासाठीं.

आरंभीं या तारेंत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह असे. पुढें तेथें २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. पश्चिम मार्गावर हें काम २०१२ सालीं व हार्बर मार्गावर सर्वांत शेवटीं २०१६ सालीं पुरें झालें. हा खटाटोप कशासाठीं, तें साध्या गणितानें कळतें. शक्ति म्हणजे दाब व प्रवाह यांचा गुणाकार. दाब सुमारें सतरापट झाला, म्हणजे तेवढ्याच शक्तीस प्रवाह सतरावा हिस्सा पुरतो. तारेंत उष्णता होऊन जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणून तार तीच असेल, तर हा नाश सुमारें पावणेतीनशेंवा हिस्सा उरतो. उपकेंद्रेंहि दूर दूर असलीं तरी चालतात.

आतां नातवाच्या प्रश्नाकडे वळूं. जुन्या गाड्या थांबत त्या चाकांवर ब्रेकचे ठोकळे दाबून. गाडीचा सारा वेग घर्षणानें तापून हवेंत जाई. चालू करतांनाहि मोटारीचा प्रवाह आवरण्यासाठीं रोधक घालावे लागत व त्यांतहि वीज तापून वाया जाई. नव्या गाड्यांत वरची वीज ट्रान्सफॉर्मरनें उतरवून, तिचें रूप बदलून, मोटारीस हवी तेवढीच पुरवितात. या मोटारीचा विशेष असा कीं, तीच जनित्रहि होते. सायकलचा डायनॅमो चाकास टेकविला कीं पायडल जड लागतें, हा अनुभव पुष्कळांस असेल. तसेंच येथें घडतें. गाडी थांबवावयाची झाली कीं चाकेंच मोटारीस फिरवितात, वीज उत्पन्न होते, आणि ती उत्पन्न करण्याच्या श्रमानें गाडीचा वेग उतरतो. अगदीं शेवटीं मात्र साधा ब्रेक लागतोच. ही वीज त्याच तारेंत परत जाते व जवळपास सुटणारी दुसरी गाडी ती वापरते. घेतलेल्या विजेपैकीं सुमारें ३० टक्के अशी परत मिळूं शकते.

हें सांगतांच नातू म्हणाला, "म्हणजे आपली गाडी थांबली, कीं समोरची चालते!" बाळबोध खरा, पण अर्थ बरोबर आहे.

मात्र या तारेची दुसरीहि बाजू घरोघर सांगितली पाहिजे. २५,००० व्होल्टच्या तारेस हात लागावा लागत नाहीं. फार जवळ गेल्यास वीज मधल्या हवेंतून अंगावर झेप घेते. उभ्या मालगाडीच्या टपावर गंमतीनें किंवा छायाचित्रासाठीं चढलेल्या तरुणांचे प्राण असेच जातात. तारेपासून निदान दोन मीटर दूर राहावें, पुलावरून लांब काठी वा धातूची वस्तु खालीं सोडूं नये, तारेंत अडकलेला पतंग काढण्यास जाऊं नये, व तुटलेली तार दिसल्यास तिच्याजवळ न जातां रेल्वेच्या माणसास कळवावें.

त्या दिवशीं गाडी येतांच नातवानें आधीं वर तारेकडे पाहिलें आणि मग आपण होऊन दोन पावलें मागें सरून माझा हात धरला. घरांतील वडील मंडळींनीं एकदां तरी आपल्या मुलांस स्टेशनावर नेऊन हें सारें दाखवावें, एवढीच विनंति.