गर्दी आहे, ग्राहकी नाही



२०१९ सालची गोष्ट. दिवाळीला आठ-दहा दिवस राहिले होते. अकरावी वाणिज्यच्या वर्गात एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, पेपरात रोज मंदी मंदी छापून येते. काल आम्ही राजवाड्यावर गेलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. मग मंदी आहे तरी कुठे?"

प्रश्न चांगला होता. मी अर्थशास्त्र शिकलो ते हिंदी माध्यमातून. 'माँग' आणि 'पूर्ति' ह्यांच्या व्याख्या आजही आधी हिंदीतच आठवतात, मग त्यांचे मराठी करावे लागते. पण ह्या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, ते त्याच संध्याकाळी शीतलामाता बाजारात मिळाले. आपल्या एका माजी विद्यार्थ्याचे तिथे साड्यांचे दुकान आहे. गादीवर बारा-पंधरा बायका बसलेल्या, समोर साड्यांचे ढीग. मी म्हटले, "वा, छान चालले आहे की!" तो आवाज खाली करून म्हणाला, "सर, गर्दी आहे, ग्राहकी नाही. पाहतात पंधरा, घेतात तीन. आणि गेल्या वर्षी ज्यांनी दोन हजारांची नेली, त्या यंदा आठशेची मागतात."

(पुण्या-मुंबईकडे ह्याला गिऱ्हाईक म्हणतात. आपल्या इंदूरकडच्या 'ग्राहकी' ह्या शब्दाला माणूसही कळतो आणि विक्रीही कळते. मला तो जास्त आवडतो.)

त्या दुकानदाराने दोन वाक्यांत जे सांगितले, ते नीट पाहू. दुकानाची विक्री तीन गोष्टींवर ठरते. आलेल्यांपैकी किती जणांनी घेतले, प्रत्येकाने किती नग घेतले आणि किती किमतीचे घेतले. रस्त्यावरची गर्दी ह्यांतले काहीच सांगत नाही. सणाला माणूस बाजारात जातोच. रोषणाई पाहतो, मुलांना फिरवतो, सराफ्यात जाऊन काही खातो आणि पणत्यांची पिशवी घेऊन घरी येतो. म्हणून गर्दीवरून तेजी ओळखू नये. त्याच न्यायाने रिकाम्या दुकानावरून मंदीही ओळखू नये, कारण त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टचे मोठे सेल झाले होते आणि जेल रोडवर विकला जाणारा बराच माल घरपोच येऊन पडला होता. व्यापारी संघटना दिवाळीनंतर जे कोट्यवधींचे आकडे देतात, तेही अंदाजच असतात. कोणी प्रत्येक दुकानाचा गल्ला मोजलेला नसतो.

मग मोजायचे कसे? मोटारींचे उदाहरण घेऊ, कारण गाड्यांची मोजणी बरीच पक्की होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये कारखान्यांतून वितरकांकडे गेलेल्या प्रवासी वाहनांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपेक्षा ०.२८ टक्क्याने वाढली. अकरा महिने सतत घसरण चालली होती, त्यामुळे पुष्कळांना हायसे वाटले. पण कॅलेंडर काढून बघा. २०१८ मध्ये दसरा ऑक्टोबरात होता आणि दिवाळी ७ नोव्हेंबरला. २०१९ मध्ये दसरा ८ ऑक्टोबरला आणि दिवाळी २७ ऑक्टोबरला, म्हणजे दोन्ही सण एकाच महिन्यात. एका सणाच्या महिन्याशी दोन सणांच्या महिन्याची तुलना केली, तरी वाढ पाव टक्क्याच्या जवळपास! दुचाकी तर त्याच महिन्यात १४ टक्क्यांहून जास्त घटल्या. आपले सण चांद्र पंचांगाप्रमाणे येतात आणि सरकारी तक्ते इंग्रजी महिन्यांप्रमाणे निघतात. हा घोटाळा दरवर्षी होतो, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर नेहमी एकत्र धरावेत.

ह्यात आणखी एक मेख आहे. वितरकांच्या संघटनेने ग्राहकांच्या हाती गेलेल्या गाड्यांचे आकडे दिले, त्यात त्याच ऑक्टोबरात मोटारींची विक्री सुमारे ११ टक्के वाढलेली दिसली. मग खरे काय? दोन्ही खरे. शोरूममध्ये साठलेल्या गाड्या मोठी सूट देऊन काढल्या गेल्या, परंतु त्यांच्या जागी तितक्या नव्या मागवल्या गेल्या नाहीत. गाडी घेणाऱ्याला ग्राहकांच्या हाती गेलेल्या गाड्यांचा आकडा सुखाचा. पीथमपूरच्या कामगाराला मात्र कारखान्यांतून गेलेल्या गाड्यांचा आकडा महत्त्वाचा, कारण त्याची पाळी नव्या मागणीवर चालते. आपल्या दोन पालकांनी त्या काळात मला सांगितले होते की कारखान्यात महिन्याचे काही दिवस काम बंद असते आणि ठेक्यावरच्या लोकांना तर बोलावतच नाहीत. दिवाळीचा माल कारखान्यांत सप्टेंबरात तयार होतो. देशाचे औद्योगिक उत्पादन नेमके त्या सप्टेंबरात, पहिल्या आकड्यांप्रमाणे, ४.३ टक्क्यांनी घटले होते. बाजारात जे दिवाळीला दिसले, ते कारखान्याला आधीच कळलेले होते.

आपल्या देशात एकूण खर्चापैकी जवळजवळ साठ टक्के खर्च तुमच्या-आमच्यासारखी कुटुंबे करतात. म्हणून सणाची विक्री थंडावली की अर्थशास्त्रज्ञ कान टवकारतात. सुरतेचा व्यापारी साड्या उधारीवर पाठवतो. इथला माल विकला गेला नाही तर उधारी थकते, पुढची मागणी जात नाही आणि तिकडचा माग थांबतो.

२०१९ मध्ये हे का झाले, ह्यावर विद्वानांचे एकमत नाही. माझ्या मते सर्वात मोठे कारण कर्ज आटले हे होते. २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था हप्ते चुकवू लागली आणि बँकांखेरीज ज्या कंपन्या दुचाकी, फ्रीज, ट्रक ह्यांना कर्ज देत, त्यांनी हात आखडले. त्याच सप्टेंबरापासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा आणि दुचाकी घेताना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम भरावा लागू लागला. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे मानक येणार होते, म्हणून काही लोक थांबले. आणि आपल्या माळव्यात त्या वर्षी पाऊस इतका पडला की मंदसौर-नीमचकडे पूर आले आणि सोयाबीन शेतातच सडले. माळव्याची दिवाळी सोयाबीनवर होते, हे इथल्या कोणत्याही दुकानदाराला विचारा.

ऑगस्टमध्ये पार्ले कंपनीच्या अधिकाऱ्याने म्हटले होते की मागणी अशीच राहिली तर आठ-दहा हजार लोकांना कमी करावे लागेल. त्याचे म्हणणे होते की स्वस्त बिस्किटांवरचा कर जीएसटीत १८ टक्के झाला, तो पूर्वी १२ होता. मला ही बातमी मोटारींच्या बातमीपेक्षा जास्त टोचली. गाडी पुढल्या वर्षी घेता येते. पाच रुपयांच्या पुड्याशी माणूस थांबतो, तेव्हा खेड्यातल्या मजुरीत काहीतरी बिनसलेले असते.

इथे एक दुरुस्ती करतो. शास्त्राच्या भाषेत तेव्हा देशात मंदी नव्हती, सुस्ती होती. जुलै ते सप्टेंबर २०१९ ह्या तिमाहीचा वाढीचा दर ४.५ टक्के जाहीर झाला, सहा वर्षांहून अधिक काळातला सर्वात कमी. म्हणजे बस हळू झाली होती, मागे जात नव्हती. मागे गेली ती २०२०-२१ मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीने.

आता शाळेची गोष्ट सांगतो. त्या दिवाळीच्या आधी बऱ्याच फिया थकल्या होत्या. संचालक मंडळाच्या बैठकीत मी सुचवले की इमारतीचा रंग यंदा राहू द्यावा. ठराव एकमताने झाला. आठवड्याने सातवीतल्या एका मुलीचे वडील फीला मुदत मागायला आले. ते रंगकाम करतात. म्हणाले, "दसऱ्यापासून दोनच घरे मिळाली सर. शाळेचे काम निघेल अशी आस होती." मी मुदत दिली, पण रात्री झोप नीट लागली नाही. फी थकली म्हणून आम्ही काम थांबवले आणि काम थांबले म्हणून फी थकली.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्स ह्याने १९३६ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडले आहे. एका घराने काटकसर केली तर ते घर सावरते. सगळ्यांनी एकाच वेळी केली तर प्रत्येकाचा वाचवलेला रुपया हा दुसऱ्या कोणाची तरी बुडालेली मजुरी असतो, आणि शेवटी बचतही होत नाही. मी तीस वर्षे मुलांना काटकसर शिकवत आलो आणि पुढेही शिकवणार आहे. नोकरीची धास्ती असलेल्या बापाने हात राखला तर त्याला दोष कसा द्यायचा? पण ज्यांचे उत्पन्न शाबूत आहे आणि ज्यांना ते काम कधीतरी करायचेच आहे, त्यांनीही त्याच महिन्यात हात आखडावा का, हा प्रश्न वेगळा. पुढल्या बैठकीत मी माझाच प्रस्ताव थोडा बदलून घेतला. दर्शनी भिंत आणि सभागृह एवढे रंगवून घेतले. आठ दिवसांची मजुरी झाली. त्याने देशाची सुस्ती हटत नाही, हे मलाही कळते.

ते काम सरकारचे. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबरात रेपो दर ६.५० वरून ५.१५ वर आणला. सरकारने २० सप्टेंबरला कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्के केला. मला तेव्हाही वाटले होते की दुकानात ग्राहकी नसताना कर वाचला म्हणून कोणी नवा कारखाना काढणार नाही. सवलत घेणाऱ्याच्या खिशाजवळ हवी होती. तसे पुढे २२ सप्टेंबर २०२५ ला झाले. बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के आणि लहान मोटारींवरचा २८ वरून १८ टक्के झाला, तोही दिवाळीच्या महिनाभर आधी.

अकरावी वाणिज्यच्या मुलांसाठी येत्या दिवाळीचा उपक्रम असा आहे. ओळखीचे एक दुकान निवडा. धनतेरसच्या संध्याकाळी बाहेर अर्धा तास उभे राहून आत किती गेले आणि हातात पिशवी घेऊन किती बाहेर आले, ते मोजा. दुकानदाराला सवड असेल तेव्हा दोनच गोष्टी विचारा : गेल्या दिवाळीच्या मानाने सर्वात जास्त खपणारी किंमत चढली की उतरली, आणि दिवाळीनंतरचा माल मागवला का. दुकानाचे नाव लिहू नये. वह्या भाऊबीजेनंतर शाळा उघडेल त्या दिवशी माझ्या कार्यालयात आणून द्याव्यात.