न ओळखलेल्या पक्ष्याची नोंद

पक्षिनिरीक्षणाचा छंद वरकरणी इतका सोपा आहे की घराजवळचे एखादे झाड, सकाळचा थोडा मोकळा वेळ आणि जमल्यास साधी दुर्बीण एवढ्या भांडवलावर त्याचा आरंभ करता येतो. कावळा, साळुंकी, बुलबुल, दयाळ, कोतवाल ही नावे भराभर तोंडी बसतात, पक्षी लांबूनही ओळखू येऊ लागतात आणि ही विद्या आपल्याला साधली, असा समज नवशिक्याच्या मनात घर करतो. त्या समजाला पहिला तडा बहुधा हिवाळ्यात जातो. हिमालयातून आणि त्याही पलीकडच्या प्रदेशांतून स्थलांतर करून महाराष्ट्रात उतरणारे पर्णवटवटे, म्हणजे पानांआडचे किडे टिपत हिंडणारे चिमणीहून लहान पक्षी, पाठीकडून हिरवट, पोटाकडून फिकट आणि डोळ्यांवर भुवईसारखी पट्टी असलेले असे सगळे एकाच साच्यातले दिसतात. शिवाय ते क्षणभरही एका जागी ठरत नाहीत. पुस्तकातली चित्रे शेजारी ठेवूनही त्यांच्यातील जाती वेगळ्या करता येत नाहीत, आणि अनुभवी निरीक्षक मात्र डोळ्यांपेक्षा कानांवर विसंबून, त्या पक्ष्याने एकदा तरी आवाज द्यावा म्हणून बराच वेळ झाडाखाली थांबून राहतो. आवाज आला नाही, तर वहीत ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ एवढेच लिहिले जाते. ही अपुरी वाटणारी नोंद प्रामाणिक असते, आणि ती करण्याची तयारी येईपर्यंत या छंदातील कौशल्याला सुरुवात झाली असे म्हणता येत नाही.

चूक बहुतेक वेळा डोळ्यांची नसून घाईची असते. शिक्रा हा लहान शिकारी पक्षी आणि पावसाळ्याच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ अशी साद घालणारा पावशा हा कोकिळेच्या कुळातील पक्षी, यांची अंगकाठी, राखी पाठ, पट्टेदार शेपटी आणि उडण्याची ढब इतकी मिळतीजुळती असते की लहान पक्षीही पावशाला पाहून घाबरतात. एका लक्षणावर निर्णय दिला की येथे फसगत ठरलेली. चोच आकडीसारखी वाकलेली आहे की सरळसाधी, पाय शिकाऱ्याचे भक्कम आहेत की दुबळे, हे पाहिल्यावरच उलगडा होतो. ऋतूचेही तसेच आहे. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या हंगामात गडद निळा-जांभळा चमकतो. पण हंगाम सरल्यावर तो मादीसारखा मळकट दिसू लागतो आणि गळ्यापासून पोटापर्यंतची एक काळसर रेघ तेवढी त्याची ओळख सांगते. पुस्तकातले चित्र एका वयाचे आणि एका ऋतूचे असते, हे ध्यानात आल्यावर निरीक्षक रंगाआधी पक्ष्याची ठेवण, म्हणजे त्याचा बांधा, बसण्याची तऱ्हा आणि हालचाल, पाहायला शिकतो. दुर्बिणीची निवडसुद्धा हाच धडा देते. नवशिक्याला १२ पट मोठे दाखवणारी दुर्बीण हवीशी वाटते, परंतु तिच्यात हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि दृष्टीचा आवाका आकसतो. म्हणून जाणकार ८ पटींची दुर्बीण सुचवतात आणि नजर पक्ष्यावरून न हलवता ती डोळ्यांपाशी आणण्याचा सराव करायला सांगतात.

नित्य दिसणाऱ्या पक्ष्यापुढेही असेच नम्र राहावे लागते. डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्यांच्या एका वसाहतीचे दीर्घकाळ निरीक्षण केले. सुगरणीचा खोपा नर विणतो. पण तो अर्धवट झाला की मादी येऊन त्याची पाहणी करते, पसंत पडला तरच तिथे राहते, आणि नर तो खोपा पुरा करून दुसऱ्याच्या बांधणीला व दुसऱ्या मादीच्या शोधाला लागतो, असा सारा क्रम त्यांनी उलगडला. तो पक्षी पिढ्यान्‌पिढ्या विहिरींवरच्या बाभळींवर सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. फक्त त्याच्याकडे इतका वेळ बसून कोणी पाहिले नव्हते.

चुकीच्या नोंदीची किंमत किती मोठी असू शकते, हे रानपिंगळ्याच्या इतिहासात दिसते. १८७३ साली शास्त्रीय वर्णन झालेल्या या लहान घुबडाचा १८८४नंतर विश्वासार्ह पुरावा मिळेनासा झाला. त्यानंतरची मानली गेलेली एकमेव नोंद १९१४ सालची, रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची होती. मात्र त्या नोंदीमागचा नमुना खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी पूर्वी मिळवलेला आणि नंतर चोरून नव्याने भरलेला होता, हे अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील कातड्यांच्या बारीक तपासणीतून दाखवून दिले. मधल्या काळात या पक्ष्याचे म्हणून प्रसिद्ध झालेले छायाचित्रही साध्या पिंगळ्याचे निघाले. खोटी नोंद बाजूला काढल्यामुळे शोध कुठे घ्यायचा हे स्पष्ट झाले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, ११३ वर्षांनंतर रानपिंगळा पुन्हा दिसला. डोक्यावर व पाठीवर ठिपके जवळजवळ नसणे, छाती सलग तपकिरी असणे आणि पाय दाट पिसांनी झाकलेले असणे ही त्याची लक्षणे नीट ठाऊक झाल्यावर तो मेळघाटात सापडला आणि २०१४ साली मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही आढळला. त्यामुळे त्या रानांत फिरणारा जाणता निरीक्षक आता फांदीवर बसलेल्या प्रत्येक पिंगळ्याचे डोके ठिपकेदार आहे की नाही, हे पाहिल्याखेरीज वहीत नाव लिहीत नाही.