पवनार
पवनार : महाराष्ट्र राज्याच्या वर्धा जिल्ह्यातील एक प्राचीन गाव व आचार्य विनोबा भावे यांची कर्मभूमी. हे वर्धा शहराच्या ईशान्येस सु. ८ किमी. वर, वर्धा–नागपूर मार्गावर धाम नदीच्या काठी वसले आहे. पवन नावाच्या राजावरून गावास हे नाव पडले, अशी लोकसमजूत आहे. त्याच्याजवळ परीस होता, रयतेकडून तो साऱ्याऐवजी नांगराचे लोखंडी फाळ घेई व त्यांचे सोने करी, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य बेताचेच; मात्र येथे कधीकाळी वैभव नांदत होते, ही लोकस्मृती निराधार नाही.

वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन (पाचवे शतक) याने आपली राजधानी नंदिवर्धनाहून (रामटेकजवळचे नगरधन) प्रवरपूर येथे हलविली. त्याचे अनेक ताम्रपट याच नगरातून दिलेले आहेत. प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले. गावात सापडलेले वाकाटककालीन शिल्पपट्ट रामकथेवरील असून ते एका राममंदिराचे अवशेष होत, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रवरसेनाची माता आणि दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही रामभक्त होती, तसेच रामकथेवरील सेतुबंध  हे प्राकृत काव्य परंपरेने प्रवरसेनाच्या नावावर आहे, या गोष्टी या मतास पोषक ठरल्या. नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी १९६७ मध्ये येथे उत्खनन केले. त्यात सातवाहनांपूर्वीच्या काळापासून मध्ययुगापर्यंतच्या वसाहतीचे थर उजेडात आले. १९९८ नंतर रामटेकनजीक मनसर येथे झालेल्या उत्खननांमुळे मात्र हा प्रश्न पुन्हा खुला झाला. तेथील भव्य वास्तू आणि ‘प्रवरेश्वर’ हे नाव असलेले मुद्रांकन यांच्या आधारे काही विद्वान प्रवरपूर मनसरलाच होते, असे मानतात. पवनारच्या शिल्पपट्टांतील प्रसंगांविषयीही एकमत नाही. तथापि वाकाटक काळात येथे उत्तम शिल्पांनी मंडित असे मंदिर होते, एवढे या शिल्पांवरून निश्चित म्हणता येते.

मुसलमानी अमलात पवनार हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठाणे होते. आईन-इ-अकबरी त याची नोंद असून, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या उंचवट्यावरील बळकट किल्ला असे त्याचे वर्णन आढळते. पुढे त्याचे महत्त्व ओसरले. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा निर्माण झाला, पण जिल्ह्याचे ठिकाण होण्याचा मान पवनारला मिळाला नाही.

विनोबा १९३८ मध्ये प्रकृतिस्वास्थ्यासाठी धामच्या पैलतीरी, जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहावयास आले. धाम ओलांडून पलीकडे म्हणून त्यांनी या स्थानास ‘परंधाम’ म्हटले. येथे जमीन खणताना त्यांना एक शिल्प सापडले. राम व भरत यांच्या भेटीचे शिल्प म्हणून त्यांनी त्याची स्थापना केली. या लाभाचा आनंद विशेष होता. कारण १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता प्रवचनां त राम-भरत भेटीच्या चित्राची कल्पना त्यांनी मोठ्या तन्मयतेने रंगविली होती. शिल्पपट्टांचा अर्थ पुढे कसाही लागो, या शिल्पाची पूजापरंपरा आता स्वतःच पवनारच्या इतिहासाचा भाग झाली आहे. वैयक्तिक सत्याग्रहाचा प्रारंभ विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथूनच केला.

गावाचा आजचा उत्सवक्रम याच कालखंडातून घडला. महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग १२ फेब्रुवारी १९४८ रोजी येथे धाम नदीत विसर्जित करण्यात आला. त्याच दिवशी नदीकाठी सर्वोदय मेळा भरविण्याची प्रथा त्यातून पडली. जत्रेच्या ठिकाणी असतो तसा नवस, नैवेद्य वा पालखी यांचा येथे संबंध नाही. स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी, म्हणजे ६४० तार, अर्पण करणे हाच मुख्य विधी. त्यास ‘सूतांजली’ म्हणतात. ही कल्पना विनोबांची. वर्षाकाठी एक गुंडी ही देणगी गरिबालाही देता यावी आणि श्रीमंतालाही ती स्वतःच्या श्रमावाचून देता येऊ नये, यात तिचे वेगळेपण आहे. मंदिरात द्रव्य वाहण्याच्या रूढीला दिलेले हे अबोल उत्तर म्हणावयास हरकत नाही.

स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी विनोबांनी १९५९ मध्ये येथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. शेती, स्वयंपाक, सफाई इ. सर्व कामे भगिनी स्वतः करतात. विष्णुसहस्रनामाचा पाठ हा नित्यक्रमाचा भाग आहे. भूदानाच्या दीर्घ पदयात्रेनंतर १९७० मध्ये विनोबा येथे परतले व त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. १९८२ च्या नोव्हेंबरात त्यांनी अन्न, पाणी व औषध वर्ज्य केले आणि १५ नोव्हेंबर रोजी, ऐन दिवाळीत, त्यांचे निधन झाले. या दिवसाच्या सुमारास देशभरातील त्यांचे सहकारी व अनुयायी ‘मित्रमिलना’साठी आश्रमात एकत्र येऊ लागले. त्यामुळे पवनारच्या वार्षिक मेळाव्यांत नोव्हेंबरातील या दुसऱ्या प्रसंगाची भर पडली.