मळवलीचा छापखाना

घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या कितीतरी तसबिरी मावळात छापलेल्या! राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला शिळाछापखाना प्लेगच्या धामधुमीनंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. दर रंगाला वेगळा दगड, कागद जरा सरकला, की देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर. हौशी बायका या चित्रांवर वर जरी-टिकल्याही चिकटवत. मूळ तैलचित्रांपेक्षा हे छापच रविवर्म्यांचा मोठा वारसा, असं आम्हाला वाटतं. पुढे कर्जापायी छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. दादासाहेब फाळकेही काही काळ इथे कामाला होते. १९७२ मध्ये छापखान्याला आग लागली.