उंबरापाशी पाऊण तास

तेल्हारा तालुक्याला जंगल लांब नाही. उत्तरेला सातपुडा उभा आहे, वारी भैरवगडला वान नदीवर हनुमान सागर धरण आहे. त्याच्या वरच्या अंगाला १९९७ साली जाहीर झालेलं वान अभयारण्य आहे आणि ते ज्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतं तो देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. पण ज्यांचे गुडघे धरले आहेत, चार पावलांत ज्यांना दम लागतो, जे काठीवर किंवा चाकाच्या खुर्चीवर आहेत, ज्यांना दिसत नाही, अशा माणसांना हे जंगल मुंबईइतकंच दूर पडतं. शहानूरच्या गेटवर जिप्सीत चढायचं तर आधी पाय कंबरेइतका उचलावा लागतो आणि पुढे सगळ्या रस्त्याभर पाठीला हिसके बसतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली. वयामुळे नुसतं चालणं मंदावलेली कितीतरी माणसं त्या आकड्याच्या बाहेरच राहतात. त्यांच्यासाठी गावातल्याच बगिच्यात, कुणा जाणकाराच्या सोबतीनं, मुद्दाम हळू काढलेली निसर्गफेरी सुरू व्हायला हवी. जंगलाला जाता येत नाही म्हणून केलेली ती तडजोड नव्हे. हळूपणा ही निसर्ग पाहण्याची मूळ रीत आहे, आणि ज्याला भरभर चालता येत नाही त्याच्या अंगात ती आधीच असते.

खुद्द वनविभागही हेच मानतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात जी निसर्गानुभवाची गणना होते, तिच्यात कुणी जंगल पालथं घालत नाही. माणसं पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर गप्प बसतात आणि जे येईल ते कागदावर मांडतात. बसल्या जागी जास्त दिसतं, हा त्या पद्धतीचा पाया आहे. मचाणाची शिडी तेवढी काढून टाका, बाकी सगळी रीत बगिच्यातल्या बाकावर जशीच्या तशी चालते. एखादा जुना उंबर घ्या. कधीतरीच दर्शन देणाऱ्या पाहुण्याला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो, कारण उंबराचं फूल कुणी पाहिलेलं नसतं. वास्तविक ती फुलं आपल्या डोळ्यांसमोरच असतात, फक्त फळाच्या आत. ज्याला आपण फळ म्हणतो तो आतून फुलांनी भरलेला बटवा आहे. त्याच्या टोकाला टाचणीच्या माथ्याएवढं तोंड असतं. त्यातून जेमतेम दोन मिलिमीटरची एक माशी आत घुसते. घुसताना तिचे पंख गळतात, आत ती परागकण पसरते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिल्लांतले बिनपंखी नर आतून भोक पाडतात आणि माद्या अंगावर पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. त्यांचं बाहेरचं आयुष्य दिवसा-दोन दिवसांचं. हे सारं समजून घ्यायला एक उंबर, एक सुरी आणि पाऊण तास पुरे. शिवाय उंबराची फळं शेंड्याला लागत नाहीत, खोडाला आणि जाड फांद्यांना घोसांनी लगडतात. चाकाच्या खुर्चीत बसलेल्याचा हात तिथे सहज पोचतो. ज्याला दिसत नाही त्याला बोटांनी घोस चाचपता येतो आणि वर कुठेतरी ‘टुक् टुक्’ करणाऱ्या तांबटाची लय मोजता येते. ज्याला ऐकू येत नाही त्याला पानांत लपलेला हरियाल शोधता येतो. आपला हा राज्यपक्षी पानांच्याच रंगाचा, त्यामुळे तो हलेपर्यंत दिसत नाही. जो झरझर पुढे जातो त्याला तो दिसणारच नाही.

इथे वऱ्हाडातला माणूस एक रास्त सवाल करील. ज्याचा जन्म वावरात गेला त्याला तुम्ही बगिच्यात नेऊन निसर्ग काय दाखवणार? कपाशीत नि हरभऱ्यात पक्षीथांबे लावले की कोतवाल येऊन बसतो आणि अळ्या टिपतो, हे इथला शेतकरी जाणतो. निंबोळी अर्क त्यानं घरी केलेला असतो. तालुक्यातल्या हिवरखेड, बेलखेड या गावांच्या नावांतच झाडं आहेत. हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो अर्धा भागच या फेऱ्यांच्या बाजूनं बोलतो. वावरात गेलेली नजर कामाची असते. ती अळी शोधते, ढग शोधते, आणि ते बरोबरच आहे. नुसतं बघत राहायला तिला उसंत नसते. मग पाय थकतात, मुलगा मोटारसायकलवर वावरात जातो आणि म्हातारं माणूस ओट्यावर उरतं. त्याच्यासोबत त्याचं ज्ञानही ओट्यावरच बसून राहतं. तरोटा कोवळा असतानाच का खुडायचा, घोळ आणि चिवळ कोणत्या बांधावर मिळते, कुर्डूची भाजी कधी करायची, हे ज्या आजीला ठाऊक आहे तिला विचारायला कुणी येत नाही. कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो तेव्हा एखाद-दुसरा दिवस त्या ज्ञानाचं कौतुक होतं. संथ फेरीत ते दर आठवड्याला वर येऊ शकतं, कारण चांगला वाटाड्या भाषण देत नाही, विचारतो. आजीनं गावातलं नाव सांगावं, त्यानं पुस्तकातलं सांगावं, आणि दोन्ही वहीत उतरावीत.

आता तब्येतीचं. या विषयावर लिहिणारे बरेच जण इथे फार मोठे दावे करून बसतात. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’मध्ये छापलेला अभ्यास हमखास सांगितला जातो. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. अभ्यास नेटका आहे, पण त्यात रुग्ण होते अवघे ४६. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर २०१९ साली आलेला अभ्यास जास्त कामाचा वाटतो. आठवड्यात किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. शहरातले बगिचेही त्यात धरले होते, आणि दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्यांतही तोच कल दिसला. अर्थात, बरं वाटतं म्हणून लोक बाहेर पडतात की बाहेर पडतात म्हणून बरं वाटतं, हे अशा पाहणीतून ठरत नाही. संथ फेरी हा व्यायाम नव्हे, हेही कबूल करायला हवं. ज्याला झपाझप चालता येतं त्यानं झपाझप चालावं. पण ज्याच्यासाठी आपण बोलतो आहोत त्याच्यापुढे ‘झपाझप की हळू’ हा पर्यायच नाही. त्याच्यापुढे हळू फेरी आहे, नाहीतर खाट आणि टीव्ही.

खरी अडचण जमिनीत आहे, अगदी शब्दशः. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घाईनं बसवलेले पेव्हर ब्लॉक दोन-तीन पावसाळ्यांत वरखाली होतात, आणि निघालेल्या एका कडेला खुर्चीचं पुढचं लहान चाक अडलं की माणूस तोंडावर जातो. खाली मुरमाचा पुरेसा थर देऊन रोलर फिरवलेली पायवाट अशा जागी जास्त टिकते आणि काठीलाही पकड देते. उतार १ः१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. गुरं आत येऊ नयेत म्हणून बगिच्याच्या तोंडाशी फिरकीचं दार बसवतात. त्यानं गुरांबरोबर खुर्चीही अडते, तेव्हा शेजारी कडीचं एक रुंद दार हवंच. बाकांचं तर अगदी साधं आहे. कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेली सिमेंटची बाकं गावोगाव दिसतात, नाव कोरलेलं असतं, पण हात टेकायला दांडी नसते. संधिवाताचा माणूस त्यावर बसू शकतो, उठू शकत नाही. पुढचं बाक देणाऱ्यानं नावाच्या जोडीला दोन दांड्याही द्याव्यात. शे-पन्नास पावलांवर सावलीत असं एक बाक आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह असेल तरच मधुमेहाचा माणूस तासभर घराबाहेर राहायला धजतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा करणं बंधनकारक केलं आहे, त्यामुळे यातली कुठलीही मागणी मेहरबानीची नाही.

खारपाणपट्ट्यात गोड पाण्याची ओढाताण, नगर परिषदेची तिजोरी बेताची, त्यात ही हौस कशाला, असंही कुणी म्हणेल. पाणी आधी, यात वाद नाही. पण फेरीला तिजोरी फारशी लागत नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. फेरीतली वही म्हणजे त्या नोंदवहीचा जिवंत कच्चा मसुदा; एरवी करायच्याच कामाला इथे पन्नास डोळे फुकट मिळतात. वाटाड्यांसाठीही लांब जायला नको. जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक आहेत, पानवेलीच्या मळ्यांत जन्म काढलेले बारी शेतकरी आहेत आणि पावसाळ्यात जंगलातलं पर्यटन बहुतेक थंडावतं तेव्हा मेळघाटातले तरुण गाइडही मोकळे असतात. त्यांना त्या महिन्यांत गावात बोलवून मानधन दिलं तर दोन्ही बाजूंचं भलं होईल.

सुरुवात नोव्हेंबरात करावी. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ तारखेचा, सालिम अलींचा १२ तारखेचा. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. तोवर ऊन सोसण्यासारखं झालेलं असतं आणि धोबी पाहुणे आलेले असतात. शेपटी वरखाली हलवत ते हिरवळीवर अगदी पायवाटेलगत पळतात, त्यांच्यासाठी दुर्बीण लागत नाही. मात्र याच दिवसांत कापसाची वेचणी असते. सकाळी सातची वेळ ठेवली तर बायका येऊ शकणार नाहीत आणि फेरी फक्त पेन्शनरांची होऊन बसेल. म्हणून एक फेरी संध्याकाळी पाचची हवी. अंतर दोनशे मीटर, थांबे तीन, शेवटचा थांबा ढोली असलेल्या एखाद्या जुन्या झाडासमोर. दिवेलागणीला पिंगळ्यांची जोडी ढोलीच्या तोंडाशी येऊन बसते, म्हणून खुर्च्या तिच्या आधी लावलेल्या असाव्यात.