वेचता येते तोवरच!

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हा तारली-बांगड्यांसमवेत पिशव्या, बाटल्यांची बुचे आणि तुटक्या दोऱ्यांचे गुंतेही वर येतात. ते निदान दिसतात; वेचून बाजूस टाकता येतात. आम्हांस चिंता वाटते ती जे वेचता येत नाही त्याची. ऊन, खारे पाणी आणि लाटांचा मार यांनी प्लॅस्टिक ठिसूळ होते, त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचा चुरा होतो. पण ते नाहीसे मात्र होत नाही. पाच मिलिमीटरांहून लहान अशा या कणांकडे ब्रिटिश सागरशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्प्सन यांनी २००४ साली जगाचे लक्ष वेधले. त्यांनाच आज सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात.

पाणी गाळून अन्न मिळविणारी तारली काय किंवा खडकास चिकटलेली कालवे नि शिनाणे काय, त्यांना अन्न आणि हा कण यांतील भेद कळत नाही. लहान जीव मोठ्याच्या तोंडी जातो आणि त्याच्याबरोबर कणही जातो. मानवी रक्तात असे कण आढळल्याचे नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केले. त्यांचा प्रकृतीवर नेमका काय परिणाम होतो, याविषयी शास्त्रज्ञांचे एकमत व्हावयाचे आहे. परंतु निकाल लागेपर्यंत विषाची परीक्षा घेत राहणे, यास शहाणपण म्हणता येणार नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील २९.१२ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र शासनाने १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले. येथील प्रवाळांचे रक्षण व्हावे, हा हेतू स्तुत्यच होता. आपल्या पोटावर पाय येईल, या भीतीने मच्छीमारांनी त्यास विरोध केला. त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे की, अधिसूचनेची रेषा होडीला अडवू शकते, कणाला नाही. गड आणि कर्ली या नद्या काठच्या गावांचा कचरा घेऊन येतात, त्या कोणाचाही परवाना मागत नाहीत.

कायद्यांची वाण नाही. राज्याची प्लॅस्टिकबंदी २०१८ सालची, तर एकदाच वापरावयाच्या ठरावीक वस्तूंवरील केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासूनची. उणीव आहे ती अंमलबजावणीची. ती अशक्य नाही, हे याच जिल्ह्यातील वेंगुर्ल्याच्या नगरपालिकेने दाखवून दिले आहे. तेथे घरोघरचा कचरा वेगळा करून घेतला जातो आणि प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात मिसळला गेला. जे वेंगुर्ल्यास जमले, ते इतरांस का जमू नये?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कचरा नदीत पडण्यापूर्वीच गावागावांत अडविला जावा. फाटकी नायलॉनची जाळी समुद्रात टाकली जाऊ नयेत, म्हणून बंदरावर ती मोल देऊन परत घेण्याची सोय शासनाने करावी. केवळ दंडाचा धाक गरीब मच्छीमारास दाखवू नये. आणि सुटीत तारकर्ली-देवबागला जाणाऱ्या आपण शहरवासीयांनी नेलेली बाटली परत आणावी. यजमानाच्या अंगणात केर टाकून येणे, हा कोणत्याही घरचा शिष्टाचार नव्हे. प्लॅस्टिक अखंड आहे तोवरच ते हाती लागते. त्याचा एकदा चुरा झाला की, समुद्र गाळून काढण्याची चाळणी कोणत्याही सरकारपाशी नाही.