ट्युलिपला डिंक येतो, तो हवेतल्या वायूने!

डिंक म्हटलं की आपल्याला बाभूळ नाहीतर धावडा आठवतो. पण कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या ट्युलिपच्या कंदालाही डिंक येतो आणि त्यामागे वनस्पतींची संप्रेरकं असतात.

फोड येतात, फुटतात. कंदाच्या मांसल पापुद्र्यात डिंकाचे फोड धरतात. ते फुटले की चिकट रस बाहेर येऊन वाळतो. हा डिंक म्हणजे झायलोज आणि अरॅबिनोज या शर्करांची लांबलचक साखळी.

गुन्हेगार अदृश्य. नेदरलँड्सच्या गोदामांत फ्युजेरियम बुरशीने एखादा कंद नासला, की त्यातून इथिलीन हे वायुरूप संप्रेरक सुटतं. मग शेजारच्या धडधाकट कंदांनाही डिंक येतो! आतली फुलाची कळीही जळू शकते.

आंबा खूश, ट्युलिप हैराण. आपल्याकडे फळं पिकवण्याच्या खोलीत हवेच्या 10 लाख भागांत 100 भागांपर्यंत इथिलीन वापरायला परवानगी आहे. ट्युलिपच्या गोदामात धोक्याची रेषा 0.1 भाग, म्हणजे हजारपट कमी! म्हणून तिथे कंदांमधून सतत ताजी हवा खेळवतात.

चमेलीचा सुगंधही सामील. 1962 मध्ये चमेलीच्या तेलातून मिथाइल जॅस्मोनेट वेगळं काढलं गेलं. पुढे पोलंडमधल्या प्रयोगांत दिसलं, की ते लावल्यावर ट्युलिपला डिंक येतो. जखम झाली किंवा कीड लागली की वनस्पती स्वतःच जॅस्मोनेट हे संप्रेरक बनवतात. इथिलीनची जोड मिळाली की डिंक आणखी वाढतो.

प्रत्येक कंदाची तऱ्हा वेगळी. निळ्या इवल्या घोसांच्या मस्कारीला नुसत्या जॅस्मोनेटने डिंक येत नाही. इथिलीन हवंच, जॅस्मोनेट फक्त जोर वाढवतं. तिचा डिंकही वेगळा, पेक्टिनच्या जातीचा.

हाच वायू राजस्थानात उपयोगी. जोधपूरच्या 'काझरी' या संशोधन संस्थेने कुमटाच्या झाडाला इथेफॉन देऊन डिंक वाढवण्याची पद्धत विकसित केली. इथेफॉन झाडात गेलं की त्यातून इथिलीन सुटतं. ट्युलिपवाल्याचं नुकसान करणारा वायू इथे डिंक गोळा करणाऱ्याच्या पदरात चार पैसे टाकतो. संप्रेरक मुळात चांगलं किंवा वाईट नसतंच. ते कुठे, किती आणि कधी पोहोचलं, यावर सारं ठरतं.

कुंडीत ट्युलिप लावणार? लागवडीआधी कंद फ्रिजमध्ये ठेवणार असाल, तर सफरचंदं आणि पिकलेली केळी तिथून हलवा. पिकणारी फळं इथिलीन सोडतात. कंद घेताना दाबून, हुंगून पाहा. मऊ पडलेला, आंबूस वासाचा कंद लगेच बाजूला काढा. असा एकच कंद बाकीच्यांची फुलं घालवू शकतो.